दोनशे छप्पन्न रंगांतले चेहरे

"नीलिमा, आमच्या सगळ्या मुली हिरव्या झाल्यात," मोकाशीबाई फोनवर म्हणाल्या. "साताऱ्याचे पाहुणे हॉलमध्ये बसलेत. तू आत्ताच्या आत्ता ये."

मी तेव्हा एका व्हॉल्व्हचा फोटो साफ करत होते. तो तसाच ठेवला, फ्लॉप्यांचा डबा पिशवीत टाकला आणि ठाणे-बेलापूर रोडवर येऊन वाशीची रिक्षा पकडली. माझी घाई बघून रिक्षावाल्याने विचारलं, घरी कोणी आजारी आहे का. खरं सांगितलं असतं तर त्याने मलाच आजारी समजलं असतं. मी हो म्हणून टाकलं.

ही नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात मी नोकरी करत होते. डाव्या हाताला गॅस्केट कापणारा कारखाना, उजव्या हाताला पावडर कोटिंगवाला आणि मधे आम्ही, 'मल्टिमीडिया'. इथे नक्की काय बनतं हे शेजाऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. वॉचमन येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, की इथे टीव्ही रिपेअर होतात. आमचे मालक खराडेसाहेब आधी पंपाच्या कंपनीत इंजिनियर होते. एका प्रदर्शनात त्यांनी कॉम्प्युटरवर चित्र, आवाज आणि अक्षरं एकत्र चाललेली पाहिली आणि घरी येऊन राजीनामा लिहिला. कारखानदारांना मालाची सीडी बनवून द्यायची, हा आमचा धंदा. सीडी घातली की कंपनीचं नाव फिरत यायचं, मागे सनई वाजायची आणि मग एकेक पंप दर्शन द्यायचा. माझा कमर्शियल आर्टचा डिप्लोमा झालेला, म्हणून चित्रांचं खातं माझ्याकडे. खातं म्हणजे मी आणि एक स्कॅनर.

लोकांना वाटायचं, फोटो काचेवर ठेवला, झाकण लावलं, झालं काम. खरं काम तिथून पुढे सुरू व्हायचं. कॉम्प्युटरला चित्र कळत नाही, त्याला बारीक चौकोन कळतात. शाळेत आम्ही दोसुतीवर मोर भरायचो, तसंच ते. लांबून मोर, जवळून नुसते टाके. मोर मोठा करायचा म्हटलं तर टाके वाढत नाहीत, तेच टाके जाडे होतात. एका पंपवाल्याने व्हिजिटिंग कार्ड पुढे करून त्यावरचं बोधचिन्ह स्टॉलच्या अख्ख्या भिंतीएवढं मागितलं होतं. मोठं केल्यावर त्याच्या गोलाला पायऱ्या पडल्या. मग मी ते पुन्हा रेघांनी काढलं. रेघांच्या चित्रात टाके नसतात. इथून निघ, असं वळ, इथे थांब, एवढंच सांगितलेलं असतं, त्यामुळे ते कितीही ताणलं तरी स्वच्छ राहतं. पंपवाले म्हणाले, एवढ्याशा गोष्टीला दोन दिवस कशाला लागले.

पण माणसाचा चेहरा रेघांनी काढून भागत नाही, तिथे टाकेच हवेत. आणि ते साठवायच्या तऱ्हा तीन. बीएमपी म्हणजे घर हलवताना केरसुणीपासून सगळं सामान बरोबर नेणारी बाई. ट्रक भरतो, पण काही हरवत नाही. जेपेग थोडं सामान मागे टाकते, पण अशा बेताने, की आल्यागेल्याला पत्ता लागू नये. मात्र दर वेळी उघडून पुन्हा साठवलं की ती आणखी थोडं टाकते, आणि काही खेपांनी चेहऱ्याच्या कडा पाण्यात भिजल्यासारख्या दिसायला लागतात. तिसरी जीआयएफ. तिची अट एकच, रंग दोनशे छप्पन्न, त्यापुढे एकही नाही. ते कोणते हे तुम्ही ठरवा.

पंप-व्हॉल्व्हना दोनशे छप्पन्न रंग रग्गड होतात. करड्याच्या पाचपन्नास छटा आणि थोडा निळा मिळाला की व्हॉल्व्ह खूश. मोकाशीबाई आल्या आणि माझं सुखाचं खातं चेहऱ्यांच्या धंद्यात पडलं.

मोकाशीबाई निवृत्त शिक्षिका. वाशीच्या आपल्या फ्लॅटमध्ये त्या वधूवर सूचक मंडळ चालवत. नव्या मुंबईत तेव्हा कोणी कोकणातून आलेलं, कोणी देशावरून, कोणी मराठवाड्यातून. सोसायटीत शेजारच्या दाराचं आडनावसुद्धा पाटीवरून कळायचं. अशा ठिकाणी स्थळं सुचवणारे नातेवाईक कुठून येणार? ते काम मोकाशीबाई करत. भाच्याने जुना कॉम्प्युटर आणून दिल्यावर त्यांनी ठरवलं, की स्थळं आता पडद्यावर दाखवायची. नाव दाबलं की फोटो यावा, स्वतःच्या आवाजात ओळख यावी, आणि मुख्य म्हणजे मुलगा-मुलगी शेजारी शेजारी दिसावेत. त्या बटणाचं नाव त्यांनीच ठेवलं, 'जोडा'. खराडेसाहेब खूश झाले. पंपांनी असं काही कधी मागितलं नव्हतं.

तर मी वाशीला पोचले. सोफ्यावर साताऱ्याचे पाहुणे अवघडून बसले होते. पडद्यावर मुलगा ठीक आणि शेजारची मुलगी कच्च्या कैरीच्या रंगाची. मुलाच्या आईने हलक्या आवाजात विचारलं, मुलीला मध्यंतरी कावीळ झाली होती का.

"कावीळ आमच्या कॉम्प्युटरला झालीय," मोकाशीबाई म्हणाल्या. "ह्या डॉक्टर आल्यात."

दुखणं मला लगेच कळलं. त्यांचा पडदा एका वेळी दोनशे छप्पन्नच रंग दाखवणारा. आमच्या ऑफिसातला लाखो दाखवायचा, म्हणून तिथे काही दिसलं नव्हतं. मी प्रत्येक फोटोला त्याची त्याची रंगपेटी दिली होती. फोटो एकेकटा उघडला की ठीक. पण दोघे शेजारी आले की पेटी एकाचीच उघडायची. मुलीच्या पेटीत ज्या नंबरला गव्हाळ रंग, त्याच नंबरला मुलाच्या पेटीत त्याचा पोपटी शर्ट. कॉम्प्युटरने इमानदारीत मुलीच्या गालांना शर्टाचा रंग फासला. मी पाहुण्यांना मोकाशीबाईंच्या अल्बममधला मूळ फोटो दाखवला, चहा घेतला आणि ऑफिसला परत आले.

उपाय सरळ होता. सगळ्या स्थळांना मिळून एकच रंगपेटी. ती कॉम्प्युटर स्वतः तयार करतो. सगळे फोटो त्याच्यापुढे टाकायचे, तो मोजतो कुठला रंग जास्त आहे आणि त्याप्रमाणे जागा वाटतो. त्याने ते काम तासाभरात केलं. हिरव्या मुली माणसांत आल्या. मोकाशीबाईंनी आमच्या सगळ्या ऑफिसला पुरणपोळ्या पाठवल्या. डिस्क भरली म्हणून मी मूळ मोठे स्कॅन पुसून टाकले. त्या काळी जागेची एवढी मारामार होती, की काम झाल्यावर पुसायचं हा नियमच होता. किती माणसांचे तरुणपणचे चेहरे असे पुसले असतील, याची आज रुखरुख वाटते. दोनशे छप्पन्न रंगांतून लाख रंग परत काढता येत नाहीत.

काही महिने गेले. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत एक मुलगी गाळ्याच्या दारात उभी राहिली. उंच, काळीसावळी, केसांची घट्ट वेणी, हातात डबा. जवळच्याच औषधांच्या कारखान्यात ती प्रयोगशाळेत कामाला होती. नाव सुरेखा म्हात्रे, रबाळे गावातली. वडील बळीराम म्हात्रे पूर्वी मिठागरावर होते. मिठागर गेलं, शेत गेलं, पण मुलीला त्यांनी बीएस्सी केलं. शिक्षणामुळे गावात जोडीचं स्थळ मिळेना, म्हणून मोकाशीबाईंकडे नाव घातलं होतं.

"मॅडम, वाशीच्या कॉम्प्युटरवर माझा फोटो तुमी टाकला ना?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. तिने पर्समधून त्याच फोटोची दुसरी प्रत काढून टेबलावर ठेवली आणि काय झालं ते शांतपणे सांगितलं. दोन स्थळं पडद्यावर फोटो बघून घरी आली होती. दोन्ही वेळा तिला बघून पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं, चहा घेतला आणि उठले. पहिल्यांदा कोणी काही बोललं नाही. दुसऱ्यांदा मुलाचा काका दारात चपला घालताना तिच्या वडिलांना म्हणाला, फोटोत फसवायचे धंदे करू नका. बळीरामकाकांनी जन्मात कोणाला फसवलं नव्हतं. आपण काय फसवलं हेच त्यांना कळेना. मग तीच मोकाशीबाईंकडे गेली आणि स्वतःचा फोटो उघडून बघितला.

मी तिचा फोटो ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर उघडला आणि तिने आणलेला फोटो पडद्याच्या काचेला टेकवून धरला. पडद्यावरची सुरेखा गव्हाळ होती.

हे कोणी मुद्दाम केलं नव्हतं. फोटो बहुतेक स्टुडिओतले, पावडर लावून, तोंडावर दिवे मारून काढलेले. पाठीमागे निळा पडदा, अंगावर भरजरी साड्या. कॉम्प्युटरने मोजदाद केली तेव्हा सगळ्या जागा निळ्या पडद्याला, साड्यांना आणि गोऱ्या गालांना गेल्या. सावळ्या रंगाच्या वाट्याला मोजून दोनचार जागा आल्या. सुरेखाचा रंग पेटीत नव्हताच. मग कॉम्प्युटरने तिला जवळचा म्हणून जो होता तो रंग लावला.

मी हे तिला सांगितलं. ती प्रयोगशाळेतली, तिला एका वाक्यात कळलं.

"म्हणजे माझ्या रंगाची बाटलीच नाय तुमच्याकडे," ती म्हणाली. "मग एक तर ती भरा, नायतर माझा फोटो काढून टाका. मला आहे तशीच दाखवा. पुढच्या वेळी कोणी बाबांना तसं बोललं, तर मी लग्नच करणार नाय."

ती चिडली नव्हती. घड्याळ बघून, डबा उचलून ती निघून गेली.

खराडेसाहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, की मोकाशीबाईंची तक्रार नाही, मग चालू गाडीचं बॉनेट कशाला उघडायचं. माझं तोंड बघून पुढे म्हणाले, सुट्टीच्या दिवशी करणार असशील तर ऑफिसची चावी घेऊन जा.

मोकाशीबाईंकडून मी फोटोंचे अल्बम पुन्हा मागून आणले आणि सगळे फोटो पुन्हा स्कॅन केले. या वेळी मोजदाद कॉम्प्युटरवर सोडली नाही. रंगपेटी हाताने भरायला घेतली. दोनशे छप्पन्नातले वीस रंग कॉम्प्युटर स्वतःच्या बटणा-खिडक्यांसाठी राखून ठेवतो. उरलेल्यांत आधी चेहरे बसवायचे आणि मग जागा राहिली तर बाकीचं, असं ठरवलं. गोरा, केतकी, गव्हाळ, निमगोरा, सावळा, काळासावळा, काळा. आपल्या भाषेत माणसाच्या कातडीला केवढी नावं आहेत ते मला तेव्हा जाणवलं. प्रत्येकाच्या उजेडातल्या आणि सावलीतल्या छटा वेगळ्या. काळ्या रंगात तर लाल असतो, निळा असतो, कपाळावर तांब्यासारखी चमक असते. कॉलेजात आम्हाला चेहरा रंगवायला शिकवला तेव्हा मास्तर म्हणायचे, 'फ्लेश टिंट घ्या', म्हणजे कातडीचा रंग, आणि ती ट्यूब असायची फिकट गुलाबी. आमच्या वर्गात त्या रंगाचं कोणीही नव्हतं.

चेहरे छान आले, पण साड्यांची वाट लागली. निळ्याला मोजक्याच जागा राहिल्या, त्यामुळे मागच्या पडद्यांवर पट्टे दिसायला लागले. एका पैठणीचा मोर तर पार सपाट झाला.

मोकाशीबाईंनी चष्मा लावून नवं काम बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. पैठणीवाल्या मुलीच्या आईला काय सांगू, म्हणाल्या. मग सुरेखाचा फोटो आला. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"नीलिमा, तुला वाटतं मला कळत नाही," त्या म्हणाल्या. "पण उजळ दिसली तर लोक निदान घरापर्यंत येतात. अशी दाखवली तर बटण दाबून पुढे जातात. मी रोज बघते. तिचं लग्न मला जमवायचंय, तुला नाही."

त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. शेवटी मी बळीरामकाकांना दारात काय ऐकावं लागलं ते सांगितलं. ते त्यांना माहीत नव्हतं. पाहुण्यांनी त्यांना नुसतं 'योग नाही' असं कळवलं होतं. मोकाशीबाई उठल्या, स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आल्या आणि म्हणाल्या, "लाव हे नवीन. पैठणीवालीशी मी बोलते."

त्यांची भीती खरी ठरली. सुरेखाच्या फोटोवर लोक थांबेनात. ती रस्त्यात भेटली की मला लाज वाटायची. ती उलट मलाच सांगायची, की चहा वाचतोय मॅडम, टेन्शन नका घेऊ.

पुढे उरणकडचं एक स्थळ आलं. प्रमोद घरत, द्रोणागिरीला कंटेनरच्या गोदामात सुपरवायझर. बघण्याचा कार्यक्रम मोकाशीबाईंच्याच हॉलमध्ये ठरला आणि सुरेखाने मला मुद्दाम बोलावलं. बळीरामकाका पांढरा सदरा घालून खुर्चीच्या अगदी टोकावर बसले होते. मोकाशीबाईंच्या घरी मुलीने ट्रे घेऊन यायची पद्धत नव्हती. सगळ्यांसारखं येऊन खुर्चीवर बसायचं. सुरेखा येऊन बसली. प्रमोदबरोबर त्याची आत्या आली होती, नाकात नथ, हिरवं लुगडं. तिने आधी पडद्याकडे बघितलं, मग सुरेखाकडे, मग परत पडद्याकडे.

"बरोबर हाय," आत्या म्हणाली. "फोटोत हाय, तशीच पोर हाय."

बळीरामकाका तेव्हा कुठे खुर्चीत नीट मागे टेकले.

मोकाशीबाईंनी उत्साहाने 'जोडा' दाबला. शेजारी प्रमोदचा फोटो आला. त्यात त्याच्या कपाळावर दाट कुरळे केस आले होते. समोर सोफ्यावर बसलेल्या प्रमोदचं कपाळ पार टाळूपर्यंत गेलेलं. सुरेखाने पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं.

"हा फोटो कधीचा?" तिने विचारलं.

तो खाली बघत म्हणाला, की कॉलेजातला आहे, घरात तोच बरा होता. आत्या खिडकीबाहेर बघायला लागली. मोकाशीबाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. पण जो फोटो दिला, तो मी स्कॅन केला होता. केस उगवायची सोय माझ्या स्कॅनरला नव्हती.

"मला आत्ताचा फोटो द्या," सुरेखा म्हणाली. "तो बघते, मग सांगते."

"अगं, समोर तर बसलेत ते," मोकाशीबाई म्हणाल्या.

"समोर बसलेत ते दिसतंय मला. त्यांनी स्वतः आणून द्यावा, एवढंच."

बळीरामकाकांनी कपाळाला हात लावला. पाहुणे चहा पिऊन गेले. मी निघताना मोकाशीबाई मला म्हणाल्या, संपलं हे पण.

चारेक दिवसांनी दुपारी आमच्या गाळ्याच्या दारात प्रमोद घरत उभा होता. द्रोणागिरीहून रबाळ्याला, दोन बस बदलून. शर्टाच्या खिशातून त्याने नवा कोरा फोटो काढला. टोपी नाही, केस पुढे ओढलेले नाहीत, सरळ समोर बघणारा. मी स्कॅन करायला घेतला. तो स्टुलावर बसून एकेक रेघ उतरताना बघत होता. पूर्ण आल्यावर हळूच म्हणाला, "टाळू जरा चमकतेय. कमी करता येईल का?"

"येईल," मी म्हटलं.

त्याने विचार केला. "नको, राहू दे," म्हणाला.

मी त्याला सगळे रंग ठेवून, काही न टाकता, बीएमपीत फोटो साठवून दिला. सबंध फ्लॉपी त्यातच गेली. मंडळाच्या रंगपेटीतली वेगळी प्रत मी मोकाशीबाईंसाठी ठेवली. मग मी त्याला आमच्या मोठ्या पडद्यावर दोघांना शेजारी शेजारी दाखवलं. तो बराच वेळ बघत बसला. मग त्याने औषधांचा कारखाना कुठल्या बाजूला हे विचारलं, फ्लॉपीबरोबर मूळ फोटोही मागून घेतला, आणि शिफ्ट सुटायला अजून खूप वेळ असूनही निघाला.

संध्याकाळी मी मशीन बंद करत होते, तेवढ्यात फोन वाजला. मागून कारखान्याच्या गेटवरचा गोंगाट ऐकू येत होता.

"मॅडम, सुरेखा बोलतेय. फोटो मिळाला," ती म्हणाली. "बरोबर आहे. तसेच आहेत. घरी हो सांगते."